वेग कमी करताना मध्येच बंद पडणारी जुनी गाडी : दोष शोधण्याची पद्धत

जळगावहून धुळ्याकडे महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने विनातक्रार धावणारी गाडी एरंडोल गावात वळण्यासाठी वेग कमी करून क्लच दाबताच बंद पडते, किल्ली फिरवताच पुन्हा सुरू होते आणि त्यानंतर आठवडाभर तिला काहीच होत नाही. खानदेशातील कोणत्याही गॅरेजला ही तक्रार नवी नाही, आणि मालकाचा पैसा सर्वांत जास्त वाया जातो तोही याच तक्रारीवर. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना दोष दिसत नाही, त्यामुळे प्लग, फिल्टर, कॉइल, पेट्रोल पंप असे सुटे भाग ओळीने बदलले जातात. त्यातल्या एखाद्यानंतर गाडी योगायोगाने काही दिवस नीट चालते, मग पुन्हा एखाद्या वळणावर किंवा गतिरोधकावर थांबते. माझे स्पष्ट मत असे आहे की या तक्रारीत पाना हातात घेण्यापूर्वी गाडी नेमकी कशी आणि कोणत्या क्षणी बंद पडते हे लिहून काढणे, हेच निदानाचे निम्म्याहून अधिक काम आहे. प्रस्तुत लेख मुख्यतः १५ ते २५ वर्षे जुन्या पेट्रोल गाड्यांविषयी आहे. जुन्या मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, पहिल्या पिढीतील वॅगन आर अशा गाड्या तालुक्याच्या गावांत आजही रोजच्या वापरात आहेत, आणि मारुती ८००चे उत्पादन २०१४ मध्येच थांबल्यामुळे त्यातली एकही गाडी आता नवी राहिलेली नाही.

हा दोष गैरसोयीचा आहे त्याहून अधिक धोक्याचा आहे, म्हणून दुरुस्तीपूर्वीची काळजी आधी सांगतो. इंजिन थांबले की ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, मिळणारा व्हॅक्यूम (इंजिनाची हवेची ओढ) थांबतो. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोनदा नेहमीसारखा लागतो, त्यानंतर पेडल कडक होते आणि गाडी थांबवण्यासाठी पायाचा बराच जोर लावावा लागतो. त्यामुळे गाडी चालत असताना इंजिन बंद पडले तर ब्रेक वारंवार मारू नये. एकदाच दाबून धरावा, गाडी डाव्या बाजूला घ्यावी आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास ते जड होईल हे गृहीत धरावे. किल्ली घाईने पूर्ण मागे फिरवू नये, कारण स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो. लळिंगचा उतार किंवा शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. हा दोष असलेल्या गाडीत ती सवय जिवावर बेतू शकते. गाडी गिअरमध्ये असताना चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन केवळ आयडलिंगच्या, म्हणजे पाय उचललेला असताना मंद गतीने चालू राहण्याच्या, भरवशावर असते. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत (जिच्यात इंजिनाचा संगणक पेट्रोल मोजून फवारतो) गिअरमध्ये उतरताना पाय उचललेला असेल तर संगणक पेट्रोल तोडतोच, त्यामुळे न्यूट्रलमध्ये बचतही होत नाही.

वेग कमी करतानाच गाडी का बंद पडते, हे समजले की पुढचा शोध सोपा होतो. पाय ऍक्सिलरेटरवर असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, उघडा असतो, हवा भरपूर येते, आणि थोडी गळती, थोडी अशक्त ठिणगी किंवा हवा-पेट्रोलच्या मिश्रणातला थोडा फरक इंजिन पचवून टाकते. पाय उचलताच थ्रॉटल मिटतो आणि इंजिनाला जिवंत राहण्यासाठी लागणारी हवा एका अरुंद बाजूच्या वाटेने यावी लागते. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिला आपण एमपीएफआय म्हणतो तिच्यात, आणखी एक गोष्ट घडते: थ्रॉटल मिटलेला आणि इंजिनाचे फेरे जास्त असताना संगणक पेट्रोल बंद करतो आणि फेरे ठरावीक पातळीपर्यंत उतरले की ते पुन्हा सुरू करतो. त्याच क्षणी चालक क्लच दाबतो, चाकांचा आधार सुटतो, आणि मिनिटाला दोन-अडीच हजारांवरून आठशे-नऊशे फेऱ्यांवर उतरणाऱ्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल या दोन्हींनी वेळेवर सावरावे लागते. सावरायला जराही उशीर झाला तर फेरे पाचशेच्या खाली जातात आणि इंजिन थांबते. म्हणून महामार्गावर उत्तम पळणारी गाडी फाट्यावर बंद पडते यात विसंगती काहीच नाही.

बंद पडण्याचा प्रकार ओळखणे

पहिला प्रश्न असा विचारावा, की इंजिन हळूहळू थरथरत, फेरे वरखाली करत थांबते, की चालू असतानाच किल्ली काढून घेतल्यासारखे एकदम थांबते? थरथरत थांबणाऱ्या गाडीत दोष बहुधा हवेचा किंवा पेट्रोलचा असतो. एकदम थांबणाऱ्या गाडीत तो बहुधा विजेचा असतो. दुसरा प्रश्न पुन्हा सुरू होण्याचा. लगेच सुरू होऊन नीट आयडलिंगला उभी राहणारी गाडी हवेच्या मार्गाकडे बोट दाखवते; सुरू होण्यासाठी ऍक्सिलरेटर दाबून ठेवावा लागत असेल तर आयडलिंगची वाट अडलेली आहे किंवा मिश्रण फार दाट झालेले आहे; आणि अर्धा तास थंड झाल्याशिवाय सुरूच होत नसेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरत असल्याचा संकेत संगणकाला देणारा भाग), ठिणगी देणारी इग्निशन कॉइल, इग्निटर किंवा पेट्रोल पंप उष्णतेने दगा देत आहे असा संशय धरावा.

तिसरी कसोटी फारशी कोणी घेत नाही, पण मला ती सर्वांत उपयोगी वाटते. गिअरमध्ये असलेल्या गाडीचे इंजिन प्रत्यक्षात आधीच बंद झालेले असू शकते. चाके त्याला फिरवत असतात म्हणून ते चालकाला कळत नाही, डॅशबोर्डवरचे ऑइल आणि चार्जिंगचे दिवेही लागत नाहीत, आणि क्लच दाबल्यावर ते उघडकीस येते. चालक मग सांगतो, “क्लच दाबला की बंद पडते, भाऊ.” हे तपासण्यासाठी रिकाम्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास येऊ द्यावा आणि क्लच न दाबता ऍक्सिलरेटर अलगद दाबावा. गाडीने ओढ घेतली तर इंजिन जिवंतच होते आणि खरा दोष आयडलिंगला सावरण्यात आहे. ओढ अजिबात मिळाली नाही तर ठिणगी किंवा पेट्रोल त्याआधीच गेलेले होते, आणि मग थ्रॉटल बॉडी साफ करण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. फेऱ्यांचा काटा असलेल्या गाडीत आणखी एक खूण मिळते: बऱ्याच गाड्यांत हा काटा इग्निशनच्या संकेतावर चालतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये धावत असतानाच काटा शून्यावर पडला तर तो संकेत तुटलेला असतो.

याखेरीज मालकाने एका वहीत पुढील गोष्टी टिपाव्यात: इंजिन थंड होते की गरम, एसी चालू होता का, त्या क्षणी ब्रेक दाबलेला होता का, स्टिअरिंग वळवलेले होते का, टाकीत पेट्रोल किती होते, नुकतेच भरले होते का, आणि दिवे-पंखा यांचा भार किती होता. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा एक अट प्रत्येक नोंदीत सापडते, आणि ती अट थेट दोषाच्या जागेपर्यंत नेते.

हवेची वाट

इंजेक्शनच्या गाडीत सर्वांत आधी थ्रॉटल बॉडी पाहावी. हवेचा पाइप काढून झडप हाताने उघडली की तिच्या कडेला आणि मागच्या बाजूला काळा, चिकट थर दिसतो. इंजिनाच्या तळभागातून (क्रँककेसमधून) येणारी तेलाची वाफ आणि आपल्याकडची बारीक धूळ यांचा तो थर असतो. रस्त्यांची कामे चालू असलेल्या भागात आणि कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास रोज फिरणाऱ्या गाडीत तो लवकर साचतो. झडप मिटल्यावर कडेने जाणारी हवा या थरामुळे कमी होते. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन थर पुसावा, पोलिश पेपर किंवा तारेचा ब्रश वापरू नये, आणि झडपेच्या दांड्यावर किंवा सेन्सरवर द्रव थेट फवारू नये.

त्याच ठिकाणी आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, ज्याला गॅरेजमध्ये आयडल मोटर म्हणतात. हा भाग अडकत-अडकत चालू लागला की दोष मधूनमधूनच दिसतो, कारण त्याची सुई कधी वेळेवर मागे सरते, कधी सरत नाही. गाडी आयडलिंगला ठेवून एसी, हेडलाइट आणि पंखा एकामागून एक चालू करावेत. निरोगी गाडीत फेरे क्षणभर उतरून पुन्हा जागेवर येतात किंवा थोडे वाढतात. उतरलेले फेरे तसेच राहिले तर मोटर, तिचा मार्ग किंवा तिचे वायरिंग तपासावे. साफसफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यानंतर अनेक गाड्यांचा संगणक आयडलिंगची जुनी नोंद विसरतो आणि ती पुन्हा शिकायला काही वेळ घेतो, म्हणून पहिल्या काही किलोमीटरांत गाडी चुकली तर लगेच साफसफाई फुकट गेली असे समजू नये.

येथे एका पद्धतीविषयी ठामपणे सांगणे आवश्यक वाटते. तक्रार आली की झडपेचा अडकाव स्क्रू फिरवून “स्लो वाढवून देणे” हा अनेक ठिकाणचा पहिला उपाय असतो. कार्बोरेटरच्या गाडीत (जिच्यात संगणकाऐवजी हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळले जाते) आयडलिंगचा स्क्रू असतोच आणि तो योग्य फेऱ्यांवर लावणे रास्त आहे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र हा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. तो फिरवला की झडप पूर्ण मिटल्याची खबर संगणकाला मिळत नाही, तो आयडलिंग सांभाळण्याचे काम सोडून देतो, आणि मूळ दोष झाकला जाऊन त्याच्या जोडीला नवा दोष येतो. आधी कोणी हा स्क्रू फिरवला असेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे (झडप किती उघडी आहे हे संगणकाला सांगणाऱ्या भागाचे) मिटलेल्या स्थितीतले व्होल्टेज त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे तपासून स्क्रू पूर्वस्थितीत आणावा.

हवा कमी मिळते तशी ती नको तेथून जास्तही येते. इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचे) गॅस्केट, क्रँककेसमधली वाफ परत नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची नळी, बूस्टरची नळी, जुन्या गाड्यांतील डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम ऍडव्हान्सचा, म्हणजे ठिणगीची वेळ बदलणाऱ्या डबीचा, पडदा, यांपैकी काहीही फाटले की मोजणीत न आलेली हवा आत शिरते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि बॉनेटखाली वर्षानुवर्षे भाजलेले रबर वरून चांगले दिसत असले तरी वाकवताच भेगा दाखवते. शेतात किंवा गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही वारंवार सापडतात. तपासण्याची सुरक्षित रीत अशी, की इंजिन आयडलिंगला ठेवून प्रत्येक नळी कापड गुंडाळलेल्या पक्कडीने क्षणभर दाबावी आणि फेरे बदलतात का ते ऐकावे. सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारून पाहण्याची पद्धत परिणामकारक आहे, परंतु गरम एक्झॉस्टवर तो द्रव पेट घेऊ शकतो, म्हणून थंड इंजिनावर, अगदी थोडा, आणि अग्निशामक जवळ ठेवूनच फवारावा. व्हॅक्यूम गेज असेल तर काम अधिक सोपे: खानदेशची उंची समुद्रसपाटीपासून फार नसल्यामुळे निरोगी इंजिनात आयडलिंगला १७ ते २१ इंच पाऱ्याचे स्थिर वाचन मिळायला हवे. काटा खाली पण स्थिर असेल तर गळती किंवा ठिणगीचे मागे पडलेले टायमिंग, आणि काटा ठरावीक तालाने झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह संशयित ठरतो.

ब्रेक दाबल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीचा विचार वेगळा करावा लागतो. यावलकडच्या एका केळी बागायतदारांची जुनी व्हॅन आमच्याकडे आली, तेव्हा तिची आयडल मोटर, प्लग आणि पेट्रोल पंप आधीच दुसरीकडे बदलून झाले होते. त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सतत येत होती, की बाजार समितीच्या फाटकासमोर थांबताना गाडी बंद पडते, पण उताराने नुसती हळू झाली तर पडत नाही. गाडी उभी ठेवून, इंजिन आयडलिंगला असताना ब्रेक दाबून धरला तर पेडलजवळून हलकी सुसकारी ऐकू येत होती आणि फेरे स्पष्ट उतरत होते. बूस्टरचा आतला पडदा फाटला होता. ब्रेक दाबलेला असेपर्यंत त्या वाटेने हवा मॅनिफोल्डमध्ये शिरत होती. बूस्टर बदलल्यावर तक्रार संपली. ही तपासणी कोणालाही घरी करता येते: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे; पेडल थोडे खाली गेले तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. त्यानंतर ब्रेक अर्धा मिनिट दाबून धरावा आणि फेऱ्यांकडे लक्ष द्यावे. फाटलेला बूस्टर केवळ इंजिनाचा नाही, तर ब्रेकचाही दोष असल्यामुळे ही दुरुस्ती एक दिवसही पुढे ढकलू नये.

पेट्रोल कमी की जास्त

कार्बोरेटरच्या गाडीत सर्वप्रथम स्लो जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा भाग) आणि फ्यूल कट सोलेनॉइड पाहावे. अनेक कार्बोरेटरवर असणारे हे सोलेनॉइड किल्ली चालू असताना आयडलिंगची वाट उघडी ठेवते आणि किल्ली बंद करताच ती मिटवते. त्याची वायर सैल असेल तर पाय ऍक्सिलरेटरवर असेपर्यंत गाडी व्यवस्थित चालते, कारण तेव्हा मुख्य जेट काम करतो, आणि पाय उचलताच ती थांबते. किल्ली चालू केल्यावर कार्बोरेटरजवळून टक असा आवाज येतो का हे ऐकावे, आणि वायरचे टोक प्रत्यक्ष हलवून पाहावे. स्लो जेटचे छिद्र फार बारीक असते. टाकीतला गंज किंवा जुन्या नळीचा चुरा त्यात अडकतो. ते हवेच्या दाबाने साफ करावे. तारेने कोरले तर छिद्र मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडते.

जोरात ब्रेक लावल्यावरच बंद पडणाऱ्या आणि नंतर पेट्रोलचा वास देत कष्टाने सुरू होणाऱ्या कार्बोरेटर गाडीत फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची उंची ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी जास्त असण्याची शक्यता मोठी असते, कारण ब्रेकच्या झटक्याने वाटीतले पेट्रोल उसळून इंजिनात जाते. फ्लोटची सुई झिजली असेल तर ती बदलावी, नुसती पत्ती वाकवून भागवू नये.

पेट्रोलमधील इथेनॉलचा मुद्दाही येथे टाळता येत नाही. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस येऊ लागले आणि आता ते सर्वत्र आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे पूर्वीच्या पेट्रोलवर लावलेल्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रणाचा त्रास सर्वांत आधी आयडलिंगला जाणवतो. मिश्रणाचा स्क्रू पुन्हा लावून हा फरक बऱ्याच अंशी भरून काढता येतो. दुसरा परिणाम असा, की इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या नळ्या आणि डायफ्राम फुगतात किंवा कडक होतात, आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या एकदा इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्यांनी बदलून घेणे ही मला या वयाच्या गाडीवर करण्याजोगी सर्वांत योग्य गुंतवणूक वाटते, कारण गळकी नळी आगीलाही कारण ठरते.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा दाब गेजने मोजावा. बऱ्याच गाड्यांत तो अडीच ते तीन बारच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. दाब रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून आत पेट्रोलचा ओलावा आहे का हे पाहायला विसरू नये. रेग्युलेटरचा पडदा फुटला की कच्चे पेट्रोल त्या नळीतून ओढले जाते, आणि पाय उचलल्यावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सर्वांत जास्त असल्यामुळे नेमके वेग कमी करतानाच मिश्रण अति दाट होते. पेट्रोल भरल्यानंतरच्या पहिल्या काही किलोमीटरांत त्रास होत असेल तर पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. त्याची मॅनिफोल्डकडची नळी तात्पुरती बंद करून फरक पडतो का पाहावा.

उष्णतेच्या नावाखाली थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे, आणि ती मला मान्य नाही. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन डिसेंबर-जानेवारीत, धुळ्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा, योग्य तापमानाला लवकर पोचतच नाही. संगणक ते थंड समजून पेट्रोल जास्त देत राहतो, प्लग काळे पडतात आणि आयडलिंग अस्थिर होते. इंजिन तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप दुरुस्त करावेत आणि थर्मोस्टॅट परत बसवावा.

मिश्रण दाट आहे की पातळ याचा एक पुरावा प्रत्येक मालकाच्या हातात असतो आणि तो कोणी वाचत नाही, तो म्हणजे पीयूसीची पावती. आयडलिंगला मोजलेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे आकडे तिच्यावर असतात. भारत स्टेज या प्रदूषण-मानकांच्या दुसऱ्या टप्प्यापूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना ही मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम (दहा लाखांत १५०० भाग) आहे, भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना ०.५ टक्का आणि ७५० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या वर असेल तर मिश्रण दाट आहे. तो अगदी कमी असून हायड्रोकार्बन मात्र जास्त असेल तर पातळ मिश्रणामुळे किंवा अशक्त ठिणगीमुळे पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला असेल तर तो हे आकडे सौम्य करतो, म्हणून केवळ पावतीवर निर्णय घेऊ नये, पण मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवून पाहाव्यात. अर्थात यासाठी नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घालून केलेली तपासणी हवी.

एकदम थांबणाऱ्या गाड्या

विजेच्या दोषात सुरुवात बॅटरीच्या टोकांपासून आणि अर्थिंगच्या पट्टीपासून करावी. पाय उचलल्यावर इंजिन आपल्या माउंटिंगवर मागे-पुढे झुकते. अर्थिंगची पट्टी आतून तुटत आलेली असेल किंवा वायरिंगचा गठ्ठा कोठे घासत असेल तर त्या हालचालीने जोड क्षणभर सुटतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांत मल्टिमीटर लावल्यावर फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर पट्टी बदलावी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन चालू असताना चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावे. त्यानंतर इंजिन आयडलिंगला ठेवून वायरिंगचा एकेक जोड, मुख्य रिले आणि इग्निशन स्विचजवळची वायर हलकेच हलवावी. किल्लीला जड जुडगा लटकवलेला असेल तर तो काढूनही एकदा गाडी चालवून पाहावी.

डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत एक जागा हमखास नजरेतून सुटते. व्हॅक्यूम ऍडव्हान्सची पट्टी थ्रॉटलच्या प्रत्येक हालचालीबरोबर आतली प्लेट फिरवते, आणि त्या प्लेटवरच्या, ठिणगीचा संकेत देणाऱ्या पॉइंटची किंवा पिकअपची बारीक वायर वर्षानुवर्षे वाकून आवरणाच्या आत तुटते. पाय उचलला की प्लेट सरकते, वायर ताणली जाते, ठिणगी जाते. गाडी थांबली, पट्टी जागेवर आली की वायर पुन्हा जुळते. बाहेरून वायर अखंड दिसते, म्हणून मल्टिमीटर लावून प्लेट हाताने दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावी.

तापल्यावरच दगा देणारा क्रँक किंवा कॅम सेन्सर ओळखण्यासाठी गाडी बंद पडून सुरू होत नसताना लगेच ठिणगी तपासावी. गॅरेजपर्यंत ओढून नेईपर्यंत ती थंड होते आणि पुरावा नाहीसा होतो. भारतात गाड्यांना ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सचा (गाडीतच दोष नोंदवणाऱ्या व्यवस्थेचा) पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांशी बाजारातला स्वस्त स्कॅनर बोलेलच असे नाही. ज्या गाडीत तो चालतो तेथेही दोषाचा कोड नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे. हवेची गळती, फाटलेला बूस्टर किंवा काळवंडलेली थ्रॉटल बॉडी कित्येकदा एकही कोड न देता गाडी बंद पाडतात.

गॅसवर चालणाऱ्या गाड्या आणि डिझेल जीप

एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेल्या गाडीत पहिली कसोटी एकच: काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवावी. त्रास केवळ गॅसवर होत असेल तर रेग्युलेटरचा आयडलिंग स्क्रू, आतला डायफ्राम आणि त्यात साचलेले तेल तपासावे. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर हवेच्या ओढीने गॅस मिसळणाऱ्या मिक्सरच्या किटमध्ये गॅसचे प्रमाण लगेच बिघडते. दोन्ही इंधनांवर त्रास असेल तर किटला दोष देऊ नये. गॅसवर फार चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातात, टॅपेटमधली (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली) फट संपते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. वेगात हे जाणवत नाही, आयडलिंगला मात्र एक सिलिंडर गळून पडतो. अशा गाडीत बाकी काही करण्यापूर्वी टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावे.

यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल जीपमध्ये यातले बरेचसे लागू होत नाही. तेथे डिझेल फिल्टर, वॉटर सेपरेटरमधले पाणी, हातपंपाच्या आणि नळ्यांच्या सांध्यांतून शिरणारी हवा, स्टॉप सोलेनॉइडची वायर आणि पंपाचे आयडलिंग, या क्रमाने पाहावे. टाकीत डिझेल कमी असताना ब्रेक लावल्यावरच बंद पडत असेल, तर डिझेल पुढे सरकून ओढनळी उघडी पडते का, हे टाकी भरून चालवून पाहता येते.

दुरुस्तीनंतर

मधूनमधून येणारा दोष दुरुस्त झाला की नाही, हे गॅरेजच्या दारात पाच मिनिटे इंजिन चालवून ठरत नाही. एका वेळी एकच दुरुस्ती करावी, तिची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहावेत, आणि ज्या अटींत गाडी बंद पडत होती त्याच अटींत ती चालवावी: दुपारी बंद पडत असेल तर दुपारी, एसी लावून पडत असेल तर एसी लावून, पाव टाकीवर पडत असेल तर पाव टाकीवर. काढलेला जुना भाग चांगला आढळला असेल तर तो टाकून न देता मालकाला परत द्यावा. मेकॅनिकने बिलावर नुसते “आयडलिंग काम” असे न लिहिता काय तपासले आणि काय निघाले हे दोन ओळींत लिहावे, म्हणजे गाडी पुढे भुसावळला दाखवली काय किंवा शहाद्याला, तेथील माणसाला तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही. बूस्टर, बूस्टरची नळी किंवा पेट्रोलची नळी यांपैकी काही बदलले असेल तर पहिल्या दिवसाच्या प्रवासानंतर बॉनेट उघडून प्रत्येक क्लॅम्प पुन्हा एकदा आवळावा आणि पेट्रोलचा वास येतो का, ओलावा दिसतो का, हे उजेडात पाहावे.